मॅडमचं वरचं खाणं

आमच्या मुलीला घरात सगळे मॅडम म्हणतात. तिला खरं नाव आहे, चांगलं आहे, आम्ही बराच वाद घालून ठेवलेलं आहे. पण ते लसीकरणाच्या कार्डाबाहेर कुणी वापरत नाही. याला कारण तिची बघण्याची पद्धत. समोरच्या माणसाकडे ती आधी शांतपणे बघते, मग भुवया किंचित जवळ आणते आणि मग मान वळवते. अशा नजरेनं माझ्याकडे आयुष्यात एकदाच पाहिलं गेलं होतं, ते नोकरीच्या एका मुलाखतीत. ती नोकरी मला मिळाली नाही.

तर मॅडमना सहा महिने पूर्ण झाले आणि मुलांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता वरचं खाणं सुरू करा."

"म्हणजे दूध बंद?" बायकोनं विचारलं. तिचा आवाज थोडा चढला होता, पण ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

"छे! दूध चालूच. अंगावरचं दूध हेच मुख्य जेवण. त्याच्या जोडीला दिवसातून एकदा-दोनदा काहीतरी मऊ, चमचाभर. मीठ नाही, साखर नाही, मध तर मुळीच नाही. जबरदस्ती नाही. आणि सुरुवातीला आईनं भरवलं नाही तर बरं. आईचा वास आला की मूल दुधासाठी हट्ट धरतं." एवढं बोलून त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही भरवा."

गेले सहा महिने मी त्या दवाखान्यात जात होतो. तिथे माझी ओळख 'पिशवी धरणारा' अशी होती. कुणी मला काही विचारत नसे, सांगत नसे. फार तर जरा सरका म्हणत. आणि आज साक्षात डॉक्टरीणबाईंनी माझ्यावर एक स्वतंत्र जबाबदारी सोपवली होती. मी खुर्चीत ताठ बसलो.

"हे खातं आता माझ्याकडे," घरी येताना मी बायकोला सांगितलं.

"जमेल ना तुला?"

"अगं, तोंड उघडायचं, चमचा आत घालायचा, चमचा बाहेर काढायचा. यात न जमण्यासारखं आहे काय?"

हे वाक्य पुढे मला इतक्या वेळा ऐकवण्यात आलं की ते मी बोललो होतो यावर माझा आता विश्वास नाही. पण माझी बाजूही समजून घ्या. मी विमा कंपनीत दावे तपासतो. कुणाची गाडी खांबाला कशी धडकली, कुणाच्या घरात पाणी कुठून शिरलं, याची कागदपत्रं दिवसभर चाळतो. ती वाचून वाचून माझं ठाम मत झालं होतं की अपघात असे होतच नाहीत, माणसं बेसावध असतात. मी सावध माणूस आहे. निदान होतो.

खरी निकड अशी होती की बायकोची रजा संपत आली होती. ती पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासते. प्रयोगशाळेच्या मागच्याच गल्लीत एक चांगलं पाळणाघर होतं. दुपारच्या सुट्टीत तिथे जाऊन तिला मॅडमना पाजता आलं असतं. प्रश्न मधल्या वेळेचा होता. बाटली मॅडमनी पाहताक्षणी नामंजूर केली होती. वाटी-चमच्यातलं दूध त्यांनी दोनदा माझ्या बाहीत सोडून दिलं होतं. तेव्हा काहीतरी वरचं खाणं पोटात जाणं भाग होतं.

पाळणाघर चालवणाऱ्या ताई बारीक अंगाच्या, गळ्यात साखळीला चष्मा अडकवलेल्या, आणि बोलताना समोरच्याच्या कपाळाकडे बघणाऱ्या होत्या. चौकशीला मी एकटाच गेलो.

"एकच जागा आहे," त्या म्हणाल्या. "आणि तीन जण विचारून गेलेत. मूल चमच्याने खातं का?"

आता इथे मी 'अजून सुरू करतोय' असं म्हणायला हवं होतं. पण ताईंच्या मागे भिंतीवर एक छोटी पाटी होती, 'चमच्याने न खाणारी मुले घेतली जाणार नाहीत', आणि ती पाटी मी वाचत असतानाच माझ्या तोंडून निघून गेलं, "हो तर! चवीनं खाते."

"चवीनं?" ताईंनी चष्मा लावला. "मग येत्या शुक्रवारी आणा. आमच्यासमोर भरवून दाखवा. आमची पद्धत आहे तशी. लोक काहीही सांगतात हो."

"सांगतात खरे," मी म्हणालो.

सोमवारी बायको कामावर हजर व्हायची होती. शुक्रवार मधे होता. मॅडमनी तोवर दुधाशिवाय जगातला एकही पदार्थ गिळलेला नव्हता. मी घरी येऊन सांगितलं, "जागा जवळजवळ पक्की आहे." 'जवळजवळ' हा फार उपयोगी शब्द आहे. आमच्या अर्ध्या विमा पॉलिसी त्यावर चालतात.

आठवडाभराची रजा काढायची ठरवली, तर कार्यालयात वेगळीच अडचण. साहेब म्हणाले, "रजेचं कारण?"

"मुलीला खायला शिकवायचंय."

साहेबांनी संगणकावर बराच वेळ शोधलं. "असं कारण इथे नाही. आजारपण, लग्न, मृत्यू, घरबदल. यातलं काय करता बोला."

"पण यातलं काहीच नाहीये, साहेब."

"मग रजा कशाला हवी?" साहेब प्रामाणिकपणे म्हणाले. शेवटी आमची तडजोड 'कौटुंबिक आजारपण' यावर झाली. आजारी कोण या रकान्यात मी स्वतःचं नाव टाकलं. आठवड्याच्या शेवटापर्यंत ते खरं ठरायची वेळ आली.

पहिल्या दिवशी मी बटाट्यापासून सुरुवात केली. माझा हिशेब असा, की बटाटा न आवडणारं माणूस जगात नाही. बटाटा उकडला, सोलला, आणि अगदी मुलायम व्हावा म्हणून मिक्सरमध्ये घातला. ज्यांनी हा प्रयोग केलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो, उकडलेला बटाटा मिक्सरमधून काढला की त्याचा डिंक होतो. मी भांडं उलटं धरलं, काही पडलं नाही. चमचा खुपसला, तो उभा राहिला. आणखी थोडा फिरवून बघावा म्हणून पुन्हा बटण दाबलं, तेव्हा मिक्सरनं म्हाताऱ्या माणसासारखा एक उसासा टाकला, मागून थोडा धूर सोडला आणि तो कायमचा गप्प झाला.

आवाजानं बायको आतून आली. उभ्या चमच्याकडे तिनं पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"काही बोलू नकोस," मी म्हणालो.

"मी कुठे काय बोलतेय?" ती म्हणाली आणि आत गेली. आतून बराच वेळ हसण्याचा आवाज येत होता.

मिक्सर गेला म्हणून मी वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे मिक्सर मागायला गेलो, आणि ही माझी खरी चूक. काकू स्वभावानं अत्यंत प्रेमळ आहेत, पण त्यांच्या कानावर गेलेली गोष्ट आणि जिन्यातल्या फळ्यावर लिहिलेली गोष्ट यात फळ्यावरची जास्त गुप्त राहते. "अगबाई, वरचं खाणं सुरू केलंत? आणि तू करतोयस?" असं म्हणून त्यांनी मिक्सर दिलाच, पण त्याबरोबर स्वतःही खाली आल्या.

"मधाचं बोट लावायचं जिभेला," काकू म्हणाल्या. "माझ्या मुलाला मी तेच केलं."

"डॉक्टरांनी मध सक्त मना केलाय, काकू. वर्षाच्या आत अजिबात नाही."

"डॉक्टरांना काय, त्यांना फी मिळते." मग थोडा विचार करून, "बरं, नको तर नको. पण गरम पाण्यात बोट बुडवून बघितलंस का? भांड्याला झाकण ठेवलंस का? चमचा स्टीलचा आहे का? स्टील गार लागतं रे जिभेला. लाकडी चमचा घे."

लाकडी चमचा आणला. मॅडमनी तो हातात घेतला, मला कपाळावर मारला आणि फेकून दिला.

दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरचे हेडमास्तर आले. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण निवृत्त झाल्याचं त्यांना कुणी कळवलेलं नसावं. हात मागे बांधून ते खोलीभर फिरले, नव्या उंच खुर्चीपाशी थांबले. ही खुर्ची मी खास आणली होती, जोडली होती, आणि जोडून झाल्यावर एक स्क्रू उरला होता.

"हा स्क्रू कशाचा?"

"जास्तीचा असेल, सर."

"कारखाना जास्तीचा स्क्रू देत नाही. तुम्ही कमी लावला आहे." त्यांनी मला पूर्ण खुर्ची उकलायला लावली आणि पुन्हा जोडायला लावली. या वेळी दोन स्क्रू उरले. "असू दे," हेडमास्तर म्हणाले, "मुलीला मांडीवर घ्या." त्या दिवसापासून त्या खुर्चीवर आम्ही इस्त्रीचे कपडे ठेवतो. ती उत्तम खुर्ची आहे.

"मूल शिस्तीनं खातं," हेडमास्तर पुढे म्हणाले. "वेळ ठरवा. जेवणाच्या वेळी घंटा द्या. आठवड्यात फरक दिसेल." आणि त्यांनी खरोखरच खाली जाऊन एक पितळी हातघंटा आणून दिली. शाळा सोडताना निरोपसमारंभात मिळालेली होती म्हणे.

घंटा मात्र मॅडमना मनापासून आवडली. मी घंटा वाजवी, त्या तोंड उघडून हसत, मी चमचा पुढे करी, त्या तोंड मिटून घंटेची मूठ मागत. मूठ दिली की ती तोंडात. त्या आठवड्यात मॅडमच्या तोंडात गेलेल्या वस्तू सांगायच्या तर घंटेची मूठ, घराची किल्ली, वर्तमानपत्राची कड, माझा अंगठा आणि हेडमास्तरांच्या चष्म्याची दोरी. गाजर, बटाटा, नाशपाती आणि भात मात्र गेले नाहीत. ते माझ्या शर्टावर, भिंतीवर आणि एकदा काकूंच्या अंबाड्यात गेले.

केळ्याच्या बाबतीत थोडी आशा दिसली. बुधवारी मॅडमनी केळ्याला जीभ लावली. लावली, थांबल्या, भुवया जवळ आणल्या, आणि जीभ आत घेतली. तोंड मात्र वाकडं केलं नाही. मी ओरडून बायकोला हाक मारली, "चाटलं! केळं चाटलं!" ती धावत आली, बघत राहिली, म्हणाली, "हो का? वा." आणि परत गेली. या 'वा'मध्ये काहीतरी कमी होतं, पण मी केळं कुस्करण्यात गुंग होतो.

आता बुधवारच्या दुपारचा प्रसंग. तो सांगू नये असं मला फार वाटतं, पण त्या दिवशी जिन्यात जे होते त्यांनी तो आधीच सगळीकडे सांगितलेला असल्यामुळे निदान माझ्या तोंडून तरी तो नीट ऐका.

काकूंचं म्हणणं पडलं, की डॉक्टरीणबाईंनी उलटं सांगितलं. "आईचा वास असला की मूल विश्वासानं खातं. आईनं नको ना भरवायला? मग तू भरव, पण तिचा गाऊन घालून भरव. वास आईचा, हात बापाचा. झालं!" ऐकताना हे मला विलक्षण तर्कशुद्ध वाटलं. शुक्रवार दोन दिवसांवर आला की माणसाला बऱ्याच गोष्टी तर्कशुद्ध वाटतात. बायको जरा पडली होती. मी तिचा फुलाफुलांचा गाऊन शर्टावरून चढवला. तो मला गुडघ्यापर्यंत आला आणि खांद्यात उसवला. एका हातात केळ्याची वाटी, दुसऱ्या हातावर मॅडम.

मॅडमनी वास घेतला. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी माझ्या छातीवर डोकं घासलं, इकडे शोधलं, तिकडे शोधलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपली शुद्ध फसवणूक झालेली आहे. त्यानंतर त्यांनी जो सूर लावला तो मी त्यापूर्वी ऐकला नव्हता. आणि त्याच वेळी दारावरची बेल वाजली.

दारात विजेच्या मीटरची तपासणी करणारा माणूस. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"घरात कुणी मोठं माणूस आहे का?"

"मी आहे की."

"नाही, म्हणजे..." त्यानं गाऊनकडे नजर जाऊ न देण्याचा बराच प्रयत्न केला. "सही करू शकेल असं."

मी सही करण्यासाठी वाटी कुठे ठेवावी याचा विचार करत होतो, तेवढ्यात रडण्याचा आवाज ऐकून हेडमास्तर जिना चढून आले आणि वरून काकू उतरल्या. हेडमास्तर माझ्याकडे पाहून क्षणभर थांबले. "हा उपक्रमाचा भाग आहे का?" त्यांनी विचारलं.

"हो, सर."

"मग ठीक."

मीटरवाल्याला परिस्थिती काकूंनी समजावून सांगितली. तो भला माणूस निघाला. "माझ्या पोरानं पण असंच केलेलं," तो म्हणाला. "तुम्ही तोंड उघडा. तुम्ही उघडलंत की ती उघडेल. बघून शिकतात." म्हणून मी चमचा पुढे करून 'आ' केला. काकूंनी 'आ' केला. मीटरवाल्यानं दाखवण्यासाठी 'आ' केला. हेडमास्तर आधी संकोचले, पण वर्गात एकट्यानं वेगळं बसणं त्यांना रुचत नसावं. त्यांनीही 'आ' केला. मॅडम रडायच्या थांबल्या. उघड्या दारात चार मोठी माणसं तोंडं वासून उभी होती, त्यांच्याकडे त्यांनी एकेक करून सावकाश पाहिलं. भुवया जवळ आणल्या. आणि तोंड इतकं घट्ट मिटलं की ओठ दिसेनासे झाले.

"अरे, चाललंय काय?" मागून बायकोचा झोपाळलेला आवाज आला. "आणि माझा गाऊन फाटलाय का?"

गुरुवारी दुपारी मात्र मी तिला सगळं सांगायचं ठरवलं. चमच्याचं, ताईंचं, माझ्या तोंडून निसटलेल्या त्या शब्दाचं. मॅडम झोपल्या होत्या. बायको आतल्या खोलीत कपाटासमोर उभी होती. कामावर घालायचा शर्ट तिनं घालून पाहिला होता, आणि त्यावर पुढे दुधाचे दोन ओले डाग पडले होते. ती नुसती उभी राहून रडत होती.

"ती खात नाही म्हणून रडतेस का?" मी घाबरून विचारलं. "अगं खाईल. उद्यापर्यंत..."

"नाही रे." तिनं नाक पुसलं. "काल तिनं केळं चाटलं ना, तेव्हा मला वाईट वाटलं."

"वाईट?"

"तुला वेडेपणा वाटेल. पण बघ ना, आतापर्यंत तिचं जे काही आहे, ते वजन, ती नखं, ती मांडीवरची घडी, सगळं माझ्यातून गेलंय. सगळं. आता त्यात केळं येणार."

माणसाला काही कळलं नाही की तो माहिती देतो. मी म्हणालो, "केळं चांगल्या प्रतीचं आणतो मी."

ती माझ्याकडे बघतच राहिली आणि मग रडता रडता हसायला लागली. पलंगावर बसली. "आणि मला कामावर जायचंय रे. खूप जायचंय. दार लावून, बाटल्यांना लेबलं लावून, गरम चहा गरम असताना प्यायचाय. हेही खरं आहे. मग तिनं खावं असं वाटतं, आणि खाऊ नये असंही वाटतं. तू तिथे घंटा वाजवत बसतोस आणि मी इथे बसून दोन्हीकडून प्रार्थना करते."

मी तिच्या शेजारी बसलो. गेले काही दिवस मी या घरात एकटाच काहीतरी करतोय असा माझा समज होता. मी तिचा हात धरला. आणि हात धरलेलाच आहे तर सांगून टाकावं, म्हणून मी ताईंचा सगळा किस्सा सांगून टाकला.

"काय सांगितलंस तू त्यांना?"

"की... खाते."

"नुसतं खाते?"

"चवीनं."

तिनं हात काढून घेतला. "चवीनं," ती पुन्हा एकदा म्हणाली. एखादा नमुना नापास करताना ती याच आवाजात बोलत असावी.

शुक्रवारी आम्ही दोघंही गेलो. मी पिशवीतून सहा डबे नेले होते: गाजर, नाशपाती, केळं, भात, भोपळा आणि हातानं कुस्करलेला बटाटा. ताईंनी आम्हाला त्यांच्या खोलीत बसवलं आणि चष्मा लावला. "करा सुरुवात."

मी सुरुवात केली. गाजर: तोंड बंद. नाशपाती: मान डावीकडे. भात: मान उजवीकडे. मी चमच्याचं विमान केलं, विमान घिरट्या घालून दमलं, पण उतरायला धावपट्टी मिळेना. माझ्या कपाळावरून घाम ओघळत होता. मी गाणं म्हटलं. मी मांजराचा आवाज काढला. मॅडम माझ्याकडे बघत होत्या आणि ताई माझ्याकडे बघत होत्या, आणि दोघींच्या नजरेत मला काडीचाही फरक दिसेना.

"चवीनं खाते म्हणाला होतात," ताई म्हणाल्या.

"आज तिला जरा..."

"खोटं बोलला तो," बायको शांतपणे म्हणाली. "ती काहीच खात नाही. मला सोमवारी कामावर जायचंय आणि तुमच्याकडे एकच जागा आहे, म्हणून बोलला. चुकलंच. पण तिला खाता येत नाही असं नाही, ती ठरवतेय अजून. आम्हाला अजून थोडे दिवस देता येतील का?"

ताईंनी चष्मा काढला. पहिल्यांदाच त्यांनी आमच्या कपाळाऐवजी डोळ्यांत पाहिलं. "थोडे दिवस मला देता येत नाहीत," त्या म्हणाल्या. "तिघं रांगेत आहेत. पण पाव तास देते. मुलीला द्या इकडे. तुम्ही दोघं बाहेर थांबा."

बाहेर म्हणजे काचेच्या दाराबाहेर. आत एक बुटकं टेबल होतं आणि त्याभोवती तीन-चार मुलं बसवलेली होती. ताईंनी मॅडमना एका खुर्चीत बसवलं, गळ्याला फडकं बांधलं, आणि चक्क काहीही न देता त्या दुसऱ्या मुलाचं नाक पुसायला गेल्या.

मॅडमच्या शेजारी एक टक्कल असलेले गृहस्थ बसले होते. वय साधारण दहा महिने. ते दोन्ही हातांनी उकडलेला लाल भोपळा खात होते. भोपळा त्यांच्या गालांवर, कानांवर, कोपरांवर होता. मॅडमनी त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं. भुवया जवळ आणल्या. मी श्वास रोखला, कारण या नजरेपुढे आजवर कुणी टिकलेलं नव्हतं. पण गृहस्थांनी ढुंकूनही पाहिलं नाही. ते खात राहिले. आणि खाता खाता त्यांच्या मुठीतून भोपळ्याचा एक लगदा निसटून मॅडमच्या पुढ्यात पडला.

मॅडमनी त्यावर हात ठेवला. दाबला. बोटांमधून तो वर आला, तो पाहिला. मग ती मूठ, सगळीच्या सगळी, तोंडात घातली.

"अडकेल!" मी ओरडलो आणि काचेवर थापा मारल्या. आतून ताईंनी एक बोट वर केलं: थांबा. त्या मॅडमच्या अगदी जवळ येऊन उभ्या होत्या. मॅडमचा चेहरा आक्रसला, डोळ्यांत पाणी आलं, एकदा उबळ आली. बायकोनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की तिथे नंतर वळ उठले. आणि मग मॅडमचा गळा हलला. अगदी थोडा, पण हलला. मॅडम क्षणभर स्तब्ध बसल्या आणि मग त्यांनी शेजारच्या गृहस्थांच्या ताटलीत हात घातला.

"गेलं," बायको म्हणाली. "गेलं रे पोटात." ती रडत होती का हसत होती हे मला सांगता येणार नाही, कारण माझेच डोळे स्वच्छ नव्हते. आठवडाभर मी ज्या तोंडापुढे गायलो, नाचलो, विमानं उडवली, त्या तोंडात एका टकल्या अनोळखी माणसाचा उष्टा भोपळा गेला होता. मला अतिशय आनंद झाला होता आणि त्या गृहस्थांचा थोडासा रागही आला होता.

"घेते मी हिला," बाहेर येऊन ताई म्हणाल्या. "चमच्याचं बघू हळूहळू. मुलं मुलांचं बघून खातात. आणि एक सांगू का? भरवताना तुमचा चेहरा फार भयंकर होतो हो. मलाच तोंड उघडवेना."

इमारतीत बातमी आमच्या आधी पोचली होती. काकू म्हणाल्या, "लाकडी चमच्याचा गुण." चमचा वापरलाच नव्हता हे मी सांगितलं, तर म्हणाल्या, "म्हणून काय झालं, सवय तर त्यानंच लागली!" हेडमास्तरांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं. "ठरलेल्या वेळी बसवलं, खाल्लं. मी काय म्हणत होतो?" डॉक्टरीणबाईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या, "आईचा वास नव्हता ना जवळ? मग बरोबर." मीटरवाला सोमवारी गल्लीत भेटला, त्यानं लांबूनच 'आ' करून विचारलं, मी मान डोलावली, तर त्यानं स्वतःच्या छातीवर थाप मारली. श्रेयाची वाटणी होऊन माझ्या वाट्याला काय उरलं म्हणाल, तर जळका मिक्सर आणि फाटलेला गाऊन.

सोमवारी बायको कामावर गेली. मीही गेलो. साहेबांनी विचारलं, "काय, बरं वाटतंय का आता?" मी म्हटलं, "हो, खाल्लं शेवटी." साहेब समाधानानं म्हणाले, "खाल्लं की बरं वाटतंच."

संध्याकाळी मॅडमना घेऊन मी आधी घरी आलो. दुपारी आई येऊन पाजून गेली, सकाळी अर्धी मूठ भोपळा खाल्ला, थोडी रडली, मग झोपली, असा ताईंचा अहवाल होता. घरी आल्यावर मीही भोपळा उकडला, हातानं कुस्करला, वाटीत घेतला आणि जमिनीवर सतरंजी टाकून त्यांच्यासमोर बसलो. चमचा आणलाच नाही. तोंडही उघडलं नाही. चेहरा शक्य तितका साधा ठेवला. मॅडमनी वाटीत हात घातला, थोडा भोपळा कपाळाला लावला, थोडा मला लावला, आणि थोडा, खरंच थोडा, खाल्ला.

तेवढ्यात दार उघडलं. बायको आली. अंगाला प्रयोगशाळेतल्या क्लोरीनचा वास, केस विस्कटलेले, चेहरा दमलेला आणि बऱ्याच दिवसांनी पाहिला असा ताजा. मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. भुवया वगैरे काही नाही. दोन्ही हात वर करून त्यांनी असा काही आवाज काढला की बायको पर्स दारातच टाकून, चपला पायांत तशाच ठेवून सतरंजीवर बसली आणि तिनं मॅडमना पाजायला घेतलं.

घर एकदम शांत झालं. फक्त गिळण्याचा छोटा छोटा आवाज. पिता पिता मॅडमनी पाय ताणला आणि तो सरळ माझ्या हातातल्या वाटीत, भोपळ्यात, घोट्यापर्यंत गेला.

मी वाटी काढून घेणार, तर बायको हळूच म्हणाली, "हलू नकोस. झोपतेय ती."

मी हललो नाही. हाताला मुंग्या आल्या तरी वाटी तशीच धरून बसलो. बायकोनं मागे भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले. आणि मधूनच, दूध पिता पिता, मॅडमच्या पायाची बोटं भोपळ्यात मिटत होती आणि उघडत होती.